कोण आधी पोचतं?

८० गिल्डर. एका मुलाची ही किंमत होती.

सोळाव्या शतकात लाल समुद्राच्या काठावरच्या मोखा बंदरात हा सौदा झाला. मुलगा इथिओपियातला, नाव चापू. आईवडिलांनीच त्याला विकलं असं एका जुन्या नोंदीत आहे. मोखाहून तो बगदादला गेला. तिथल्या व्यापाऱ्याने त्याला शिकवलं, मुसलमान केलं आणि अंबर हे नाव दिलं. १५७० नंतरच्या काही वर्षांत तो समुद्र ओलांडून दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतलं. ८० गिल्डरचा आकडा आपल्यापर्यंत आला तो पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्यामुळे. १६१७ मध्ये तो दख्खनमध्ये त्या मुलाला प्रत्यक्ष भेटला. पण तोवर त्या मुलाचा मलिक अंबर झाला होता.

पुढची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असं वाटत असताना मलिक अंबरने राजघराण्यातला एक तरुण, मुर्तझा, शोधून काढला आणि त्याला गादीवर बसवलं. गादीला जागा मिळाली परंड्यात. धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिमेला, सोलापूर जिल्ह्याला खेटून असलेलं हे गाव. खंदक, दुहेरी तटबंदी आणि तोफा असलेला इथला भुईकोट किल्ला काही काळ एका राज्याची राजधानी होता, आणि ते राज्य चालवत होता लहानपणी विकला गेलेला एक माणूस.

ही गोष्ट सांगताना आपण तिच्या शेवटाकडे बघतो. गुलाम मुलगा, मग वजीर, मग मुघलांना वीस-पंचवीस वर्षं झुंजवणारा सेनापती. मात्र चंगीजखानाने विकत घेतलेले हबशी साधारण हजारभर होते. त्यातला एक मलिक अंबर झाला. बाकीच्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. स्वतः चंगीजखानही एके काळी गुलामच होता. म्हणजे विकला गेलेला माणूस विकत घेणारा झाला, तरी बाजार तसाच चालू राहिला.

घर सुटलेल्या मुलांचा इतिहास वाचताना एकच प्रश्न पुन्हापुन्हा समोर येतो. मूल एकटं पडलं, की त्याच्यापर्यंत कोण आधी पोचतं?

दुष्काळातला भाव

१६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरातवर मोठा दुष्काळ पडला. १६३१ मध्ये मुघल सरदार आझमखान परंड्याला वेढा घालून बसला होता. त्याला वेढा उठवावा लागला, कारण जनावरांना चारा मिळेना. सैन्याच्या घोड्यांची ही अवस्था होती. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर काय असेल याचा अंदाज यावरूनच करावा. १६३२ मध्ये परंड्याची प्रसिद्ध तोफ मलिक-ए-मैदान विजापूरला नेली गेली. तिच्या प्रवासाची हकीकत लोक अजून रंगवून सांगतात. त्याच वर्षांत त्याच वाटांनी माणसंही हलत होती, पण त्यांची हकीकत कुणी लिहिली नाही.

गुजरातच्या बाजूची थोडी माहिती मिळते. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्या दिवसांत सुरतेहून आग्र्याला निघाला होता. वाटेत त्याने मुलं विकणारे आईबाप पाहिले. भाव अगदी किरकोळ होता. काही जण तर फुकट द्यायला तयार होते. पोर परत कधी दिसणार नाही हे त्यांना माहीत होतं, तरी घेणाऱ्याचे ते आभार मानत होते. पोर जगेल, एवढीच त्यांची आशा होती.

मंडीची ही नोंद महत्त्वाची आहे. मुलांचा व्यापार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोतं घेऊन फिरणारा अनोळखी माणूस येतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मूल हिसकावून घ्यावं लागत नाही. उपासमार, कर्ज किंवा घरातली मारहाण त्याला आधीच उंबऱ्याबाहेर आणून ठेवते. व्यापाऱ्याला तिथं वेळेवर हजर राहायचं असतं, एवढंच.

पेशवाईच्या कागदपत्रांत 'कुणबीण' हा शब्द वारंवार भेटतो. आज तो जातीचा शब्द वाटेल, पण त्या कागदांत त्याचा अर्थ विकत घेतलेली किंवा सरकारजमा झालेली दासी असा आहे. दुष्काळात आणि लढायांत ताटातूट झालेल्या बायका-मुली या वाटेने सरकारी कोठ्यांत आणि सावकारांच्या वाड्यांत पोचत. त्यांचा हिशेब गुराढोरांच्या आणि धान्याच्या हिशेबाबरोबर लिहिला जाई.

आगगाडी आली

१८४३ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात गुलामीला कोर्टाचा आधार राहिला नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेने माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला. अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकणं आणि विकत घेणं यांसाठी ३७२ आणि ३७३ ही वेगळी कलमं आली. परंडा मात्र निजामाच्या राज्यात होतं, आणि १९४८ पर्यंत तिथंच राहिलं. काही कोसांवर बार्शी, तिथं इंग्रजी कायदा. अलीकडे परंडा, इथं निजामाचा. सरहद्द ओलांडली की एका अंमलदाराचा हात दुसऱ्याच्या हद्दीत पोचत नसे.

त्यातच आगगाडी आली. मुंबई-मद्रास लोहमार्ग कुर्डुवाडीवरून जात होता. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी ही छोटी गाडी, बार्शी लाइट रेल्वे, सुरू झाली. त्याआधी घर सोडलेलं पोर पायी जाई. चार गावं ओलांडेपर्यंत कुणीतरी विचारीच, 'कुणाचा रे तू?' गाडीने हा प्रश्न संपवला. एका रात्रीत मूल अशा ठिकाणी उतरू लागलं जिथं त्याला ओळखणारं कुणी नव्हतं.

१८९६-९७ चा दुष्काळ याच वेळचा. या दुष्काळात मुलामुलींपर्यंत आधी पोचायचं असं ठरवून एक बाई घराबाहेर पडली. पंडिता रमाबाई.

रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून माहीत नव्हता. १८७४ च्या सुमारास, त्या सोळा वर्षांच्या असताना, दुष्काळातल्या भटकंतीत आई, वडील आणि थोरली बहीण एकामागून एक गेले. उरल्या त्या आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. बेघर तरुण मुलगी म्हणजे काय, हे त्या स्वतः जगल्या होत्या.

मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या तेव्हा त्या तिकडे गेल्या. सरकारी मदत छावण्या आणि अनाथालयं पाहिली. अन्न वाटलं जात होतं त्या जागांभोवतीच मुलींना फूस लावून नेणारे दलाल घोटाळत होते, हे त्यांनी लिहून ठेवलं आहे. ज्या जागेला सरकार मदत म्हणत होतं, तीच दलालांसाठी सोयीची झाली होती, कारण निराधार मुली तिथं एकाच ठिकाणी सापडत. रमाबाईंनी जवळपास तीनशे मुली आणि बायका परत आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, त्यामुळे एवढ्या जणींना शहरात ठेवता येईना. मग पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावला शेतजमिनीत तात्पुरती निवारे उभी राहिली. तेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुली आल्या आणि तिथल्या माणसांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. तिथं शाळा होती, हातमाग होता, छापखाना होता, शेती होती. सुटका करून आणलेल्या मुलीने पुढे कशावर जगायचं, याचा विचार त्या जागेच्या रचनेतच होता.

रमाबाईंवर टीकाही झाली. मुलींना ख्रिस्ती केलं जातं हा आरोप पुण्यात आधीपासून गाजत होता. तो वाद इथं सोडवता येणार नाही, पण त्यातला एक प्रश्न आजही टाळता येत नाही. वाचवणाऱ्याच्या मनातही मुलाविषयी काही योजना असतेच. निराधार मूल त्या योजनेला 'नाही' म्हणू शकतं का?

गुन्हेगार की गरजू?

मुंबईत उतरलेल्या पोराकडे सरकार फार काळ गुन्हेगार म्हणूनच बघत होतं. फलाटावर झोपणारा मुलगा म्हणजे उनाड, भटका, उद्याचा चोर. १९२४ च्या बॉम्बे चिल्ड्रन ॲक्टने मुलांसाठी वेगळं कोर्ट आणि वेगळी घरं आणली. १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचं रिमांड होम पुढे मराठी बोलीत एक धमकीच बनलं. 'रिमांड होमला टाकीन' हे वाक्य कित्येक घरांत ऐकू येई. चोरी केलेलं आणि नुसतंच घर सुटलेलं, अशी दोन्ही मुलं लोकांच्या लेखी एकाच भिंतीआड होती. साहजिकच पळून आलेलं पोर पोलीस दिसला की लपायचं. आणि लपलेल्या पोराला खाऊपिऊ घालणारा जो भेटेल, तोच त्याचा माणूस.

भारतीय राज्यघटनेच्या २३व्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी दोन्हींवर बंदी घातली. १९५६ मध्ये वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या व्यापाराविरुद्ध कायदा आला. तरीही एकट्या पडलेल्या मुलाला काय म्हणायचं हे पक्कं व्हायला २००० साल उजाडलं. त्या वर्षीच्या बाल न्याय कायद्याने गुन्ह्यात सापडलेली मुलं आणि 'काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुलं' यांची स्पष्ट विभागणी केली. दुसऱ्या गटासाठी जिल्ह्यात बालकल्याण समिती आली. २०१५ च्या कायद्यात हरवलेलं आणि घरातून पळालेलं मूल या दुसऱ्या गटात नाव घेऊन नोंदवलं आहे. असं मूल सापडलं तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला समितीपुढे आणावं लागतं.

सुटकेनंतर काय?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जवळपास आठ हजार माणसं गेली. एका रात्रीत किती मुलं पोरकी झाली! अशा वेळी मदतीच्या गर्दीतून मूल कुणी कुठे नेलं याचा पत्ता लागणं कठीण असतं. इथं काही माणसं लवकर पोचली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलं पुण्याजवळ वाघोलीला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्गला 'आपलं घर' उभं केलं. कोणतं मूल कुठं आहे, कोण सांभाळतंय, पुढच्या वर्षी कोणत्या इयत्तेत जाणार, याची उत्तरं देणारं कुणीतरी होतं. संरक्षण म्हणतात ते रोजच्या रोज दिसतं ते अशा हजेरीच्या वहीत.

याच्या उलट घडलं ते फेब्रुवारी १९९६ मध्ये. मुंबईच्या लालबत्ती भागात मोठे छापे पडले आणि चारशेहून अधिक मुली-बायका बाहेर काढल्या गेल्या. त्यात निम्म्याच्या आसपास नेपाळच्या होत्या. छापे एका दिवसात झाले, पण एवढ्या जणींना ठेवायचं कुठं, औषधपाणी कुणी बघायचं, घरी पाठवायचं तर कुणाच्या हवाली करायचं, याची तयारी नव्हती. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार होईना. शेवटी तिथल्या स्वयंसेवी संस्थांनी पुढे होऊन शंभरावर जणींना नेलं.

सुटका झाल्यावर दलाल निघून जात नाही. तो दारात येऊन बसतो. कधी मामा म्हणून, कधी मावशी म्हणून. कामाठीपुऱ्यात १९८८ पासून वेश्यावस्तीतल्या मुलांसाठी रात्रनिवारा चालवणाऱ्या 'प्रेरणा' या संस्थेने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. २००२ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की, छाप्यात सापडलेली १८ वर्षांखालची मुलगी ही काळजीची गरज असलेलं मूल आहे, तिला बालकल्याण समितीकडेच पाठवलं पाहिजे. आपण पालक आहोत असं म्हणणाऱ्याची चौकशी झाल्याशिवाय तिला सोडायचं नाही, आणि आरोपीच्या वकिलाने तिच्या वतीने उभं राहायचं नाही. निकाल वाचताना कळतं, की त्याआधी हे सगळं सर्रास होत होतं.

दस, नौ, आठ

१९९६ मध्येच मुंबईत आणखी एक गोष्ट सुरू झाली. टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया रस्त्यावरच्या मुलांबरोबर काम करत होत्या. रात्री-अपरात्री अडचणीत सापडलेल्या मुलांना पटकन गाठता येईल असा एक नंबर हवा होता. तोच १०९८. मुलांनी त्याला 'दस, नौ, आठ' म्हणायला सुरुवात केली. उलटे अंक, लक्षात राहायला सोपे. तेव्हा पीसीओवरूनही हा फोन फुकट लागायचा. आधी मूल दलालाच्या हाती लागायचं आणि मदत नंतर यायची. आता मुलालाच मदत बोलावता येऊ लागली. २०२३ पासून ही सेवा सरकारी यंत्रणेकडून चालवली जाते आणि ती ११२ शी जोडली आहे.

मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर महत्त्वाचा आदेश दिला. मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच, आणि त्याचं अपहरण झालं किंवा त्याला व्यापारात ओढलं गेलं असं धरूनच तपास सुरू करायचा. 'येईल दोन दिवसांत, कुठं जातंय' हे पोलीस ठाण्यातलं उत्तर यापुढे कायद्याला चालत नाही. त्याच वर्षी दंड संहितेच्या ३७०व्या कलमात मानवी व्यापाराची सविस्तर व्याख्या आली. आज भारतीय न्याय संहितेत ते १४३वं कलम आहे. त्यात व्यक्तीची संमती होती का, हा मुद्दा गैरलागू आहे. 'ती स्वतःहून आली' हा बचाव चालत नाही. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत किमान शिक्षा दहा वर्षांची.

कायदा एवढा पुढे आला. बाजार मात्र आपल्या शेजारीच आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात एका दहा वर्षांच्या कातकरी मुलीच्या मृत्यूनंतर बाहेर आलं, की अनेक मुलं मेंढ्या राखण्यासाठी दिली गेली होती. बातम्यांत आलेली किंमत होती एक मेंढी आणि काही हजार रुपये. मंडीने सुरतेच्या वाटेवर पाहिलेला भाव चार शतकांत फारसा वर गेलेला नाही.

धाराशिव आणि बीडमधून दर वर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गाड्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतात. मूल बरोबर गेलं तर शाळा सुटते, मागे राहिलं तर एकटं पडतं. वयात आलेल्या मुलीचं काय करायचं, या भीतीपोटी तिचं लग्न लवकर उरकलं जातं. हंगामी वसतिगृहाची योजना याच सहा महिन्यांसाठी आहे. मूल गावातच राहावं, दोन वेळचं जेवण आणि शाळा सुटू नये. कागदावर ती शिक्षण खात्याची योजना आहे, पण मुलांचा व्यापार रोखायला ती छाप्याइतकीच लागते. तिच्यामुळे मूल उंबऱ्याबाहेर एकटं येतच नाही.

तुमच्या हातातला फोन

आज परंड्यातून एखादं पोर रागाने निघालं, तर एसटीने कुर्डुवाडीला आणि तिथून गाडीने पुण्या-मुंबईला पोचायला त्याला एक रात्र पुरते. केडगाव स्टेशन त्याच वाटेवर लागतं. फलाटावर रेल्वे पोलीस किंवा 'समतोल'सारख्या संस्थेचे कार्यकर्ते आधी भेटले, तर ते घरी परतू शकतं. पण आता दलाल फलाटावर थांबेलच असं नाही. तो इन्स्टाग्रामवर नोकरी घेऊन येतो, प्रेम घेऊन येतो. चांगल्या पगाराच्या आशेने थायलंडला गेलेले आणि म्यानमारच्या सीमेवर सायबर फसवणुकीच्या कोंडवाड्यांत अडकलेले पाचशेहून अधिक भारतीय मार्च २०२५ मध्ये विमानाने परत आणावे लागले. ते शिकलेले तरुण होते. पासपोर्ट काढून घेतला की शिकलेला माणूसही चापूइतकाच एकटा पडतो.

फोनमुळे उलटंही होतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे. पोरं पळवणारी टोळी आली आहे, ही व्हॉट्सॲपवरची अफवा त्यांना भोवली. एकही मूल त्यातून वाचलं नाही. भटक्या माणसाकडे बोट दाखवणं सोपं असतं. गावातलाच मुकादम, नात्यातली बाई, 'पुण्यात काम लावून देतो' म्हणणारा ओळखीचा दादा यांच्यावर मात्र कुणी संशय घेत नाही.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. स्टँडवर, फलाटावर, हॉटेलच्या मोरीत भांडी घासताना एकटं मूल दिसलं तर १०९८ लावा. तुम्ही सांगितलेली जागा आणि वेळ पुरेशी असते. त्याचा फोटो स्टेटसवर टाकू नका. अशा मुलाची ओळख जाहीर करणं कायद्यानेही गुन्हा आहे, आणि तो फोटो पाहून सगळ्यात आधी त्याचा 'मामा' येऊ शकतो. त्याला ओरडू नका, घरी जा म्हणून उपदेश करू नका. ते कशाला भिऊन निघालं आहे ते तुम्हाला माहीत नसतं, आणि काही मुलांसाठी घर हीच पळण्याची जागा असते. त्याचं नाव विचारा, आणि मदत येईपर्यंत जवळ थांबा.

परंड्याच्या किल्ल्यात ज्याच्या शब्दावर राज्य चाललं, त्याला सगळं मिळालं. फौज मिळाली, मुलूख मिळाला, जावई म्हणून सुलतान मिळाला. त्याचं चापू हे नाव मात्र एका परक्या व्यापाऱ्याच्या कागदावरच राहिलं.